करुनागप्पळ्ळीची किरणं आणि वहिनीचं बाळंतपण: एखादं गाव किती सुरक्षित आहे हे तपासायचं कसं?

सावित्रीकाठ (धागाकर्ती), १४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे पण प्रश्न बऱ्याच जणांच्या उपयोगाचा वाटला म्हणून धागा काढतेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा दादा नोकरीसाठी गेल्या नोव्हेंबरपासून केरळात आहे, कोल्लम जिल्ह्यात करुनागप्पळ्ळीला. वहिनी त्याच्यासोबतच आहे, आठवा लागलाय, तारीख ऑगस्टच्या मध्याची. सगळं तिकडेच करायचं ठरलेलं, डॉक्टर पण छान मिळाल्यात. तर मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी भारताचा एक नकाशा टाकला, त्यात केरळचा किनारा लालभडक आणि खाली लिहिलेलं की देशात सगळ्यात जास्त किरणोत्सर्ग इथे आहे, गरोदर बायकांनी राहू नये. झालं. आईची झोप उडाली. वहिनीला आई नाही, त्यामुळे माझी आईच सगळं करणार होती, आता तिचं म्हणणं की सुनेला लगेच गावी आणायचं, बाळंतपण महाडला करायचं आणि मग सव्वा महिना आपल्या घरी ठेवायचं. आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, छोटी वाडी आहे, डोंगराच्या पायथ्याशी, हवा स्वच्छ, झऱ्याचं पाणी.

मी चार दिवस नेटवर वाचत बसले आणि जास्तच गोंधळले. किरणोत्सर्गाचा नकाशा वेगळा, भूकंपाचा वेगळा, पुराचा वेगळा, वादळाचा वेगळा, प्रत्येकात वेगळं राज्य लाल. कुठला आकडा कशाशी लावायचा तेच कळेना. कुणी याच क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा:

करुनागप्पळ्ळीला राहणं बाळासाठी खरंच वाईट आहे का? आणि एक गाव दुसऱ्यापेक्षा सुरक्षित हे ठरवताना काय काय बघतात?

पाचोळा, १४ जून, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे पण तोच नकाशा आलेला.

गायगर_काका, १५ जून, सकाळी ७:१५

ताई, मी पर्यावरणातली किरणं मोजण्याच्या कामात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. सविस्तर लिहितो, चहा घेऊन वाचा.

पहिलं म्हणजे किरणोत्सर्ग नसलेलं गाव जगात कुठेच नाही. जमिनीतलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम, वरून येणारे वैश्विक किरण, आणि श्वासातून जाणारा रेडॉन वायू, हे सगळं मिळून जगात माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या डोसचं माप) मिळतात. त्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या रेडॉनचा. रेडॉन जमिनीतून झिरपतो आणि बंद खोलीत साठतो, थंड देशांत खिडक्या लावून बसतात म्हणून तिकडे तो मोठा प्रश्न आहे, आपल्याकडे दारं खिडक्या उघडी असतात त्याचा फायदा होतो.

आता देशाचं बघू. १९८६ साली देशभराची पहिली मोठी मोजणी प्रसिद्ध झाली, तेव्हा नैसर्गिक गॅमा किरणांची सरासरी तासाला ८९ नॅनोग्रे आली होती (ग्रे म्हणजे शोषल्या गेलेल्या किरणांचं माप, दहा लाख नॅनोग्रेचा एक मिलिग्रे). नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी चौदा वर्षं खपून जवळपास १ लाख ठिकाणी मोजलं, सरासरी आली ९४. म्हणजे देश तसाच आहे. पण सरासरीच्या पोटात फरक खूप आहेत. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, काळ्या पाषाणात ही मूलद्रव्यं कमी, म्हणून महाराष्ट्राचा बराचसा भाग देशाच्या सरासरीखालीच येतो. तेलंगणात ग्रॅनाइट, तिथे जास्त. लडाखमध्ये उंचीमुळे वैश्विक किरण जास्त. आणि कोल्लमच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या खनिजाची वाळू, तिच्यात ८ ते १० टक्के थोरियम. ही वाळू पूर्वी त्रावणकोरच्या काथ्याला चिकटून जर्मनीत गेली आणि १९०९ च्या सुमारास तिथल्या शोंबर्ग नावाच्या माणसाच्या लक्षात आली, गॅसबत्तीच्या मँटलला (ज्योतीवर उजळणाऱ्या जाळीला) तेव्हा थोरियम लागायचं. आपल्या आजोबांच्या गॅसबत्तीत जे मँटल असायचं ते हेच.

तर नव्या मोजणीत कोल्लम जिल्ह्यात सगळ्यात जास्त आकडा आला तासाला ९,५६२ नॅनोग्रे. देशाच्या सरासरीच्या शंभर पट! तुमच्या नकाशातला लाल रंग इथून आला. पण ताई, हा एका जागेचा आकडा आहे, जिल्ह्याचा नाही. ती वाळूची पट्टी दक्षिणेला नीन्दकरापासून उत्तरेला पुरक्काडपर्यंत ५५ किलोमीटर लांब आहे आणि रुंदी किती, तर जेमतेम अर्धा किलोमीटर. पट्टीच्या आत सुद्धा एका अंगणात खूप आणि पन्नास पावलांवर शेजारच्या अंगणात निम्मं असं मी स्वतः मोजलेलं आहे.

म्हणून दादाला चार गोष्टी विचारा. घर समुद्रापासून किती आत? कितव्या मजल्यावर? जमिनीवर फरशी आहे का उघडी वाळू? जोत्याच्या भरावात किनाऱ्याची वाळू आहे का? ही उत्तरं आली की पुढचं बोलू.

डॉ_रेडिओ, १५ जून, दुपारी १:३०

काकांना अनुमोदन. मी रेडिओलॉजिस्ट आहे, गरोदरपणाबद्दल तेवढं सांगते.

गर्भाला १०० मिलिग्रेच्या (अशा किरणांसाठी मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट सारखेच धरा) खाली डोस मिळाला तर व्यंग वाढल्याचं दिसत नाही, जगभर हाच आकडा धरतात. तुलनेसाठी, पोटाचा एक सीटी स्कॅन साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट, छातीचा एक्स-रे ०.१ किंवा त्याहून कमी. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग अजिबात नसतो, ती आवाजाची लहर आहे, हे मुद्दाम लिहितेय कारण या भीतीने सोनोग्राफी टाळणाऱ्या सासवा मी रोज बघते.

आणि नेमकं तुमच्या प्रश्नावरच काम झालेलं आहे. त्या पट्टीतल्या आणि आसपासच्या सरकारी दवाखान्यांत १९९५ ते २०११ या काळात १ लाख ४१ हजारांहून जास्त नवजात बाळं तपासली, जास्त किरणांच्या भागात मृत जन्म किंवा जन्मजात व्यंग जास्त आहेत का ते बघायला. तसा फरक सापडला नाही. कर्करोगाचंही बघितलंय, करुनागप्पळ्ळीतच, जवळपास ७० हजार लोक, सरासरी दहा वर्षं पाठपुरावा, जमिनीच्या किरणांमुळे कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. आईंना हे शांतपणे वाचून दाखवा.

आठव्या महिन्यात लांबचा प्रवास हा मात्र खरा प्रश्न आहे, तो तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

पाचोळा, १५ जून, दुपारी ३:१०

डॉक्टर, राग मानू नका, पण हे सगळे अहवाल कोण करतं? अणुऊर्जा खात्याचेच लोक ना? ज्यांना ती वाळू उपसायची आहे, ज्यांना अणुभट्ट्या उभारायच्या आहेत, तेच सांगणार की किरणांनी काही होत नाही. आपल्याकडे कुणी स्वतंत्रपणे मोजतं का? मला खरंच जाणून घ्यायचंय, वाद घालायला नाही लिहीत.

गायगर_काका, १५ जून, रात्री ८:५०

पाचोळा, प्रश्न योग्य आहे, मी त्याच खात्याच्या आसपास आयुष्य काढलं असलं तरी योग्यच आहे. बाळांची तपासणी भाभा केंद्राच्या कोल्लमच्या प्रयोगशाळेने केली हे खरं. पण कर्करोगाचा अभ्यास तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरचा, त्यांनी १९९० पासून करुनागप्पळ्ळी तालुक्याची कर्करोग नोंदवही ठेवली, घरोघर जाऊन माहिती घेतली, सोबत जपानी संशोधक होते, आणि पेपर परदेशी नियतकालिकात तपासून छापला गेला. चीनमध्ये यांगज्यांगला अशीच मोनाझाइटची जमीन आहे, तिथले निष्कर्षही याच दिशेचे. हा अभ्यास परिपूर्ण आहे असं मी म्हणणार नाही, इतक्या कमी डोसमध्ये होणारा बारीक परिणाम ७० हजार माणसांतही लपून राहू शकतो.

म्हणून मी दुसऱ्या बाजूने हिशोब करतो. समजा परिणाम होतोच असं गृहीत धरलं. नियोजनासाठी किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय समितीचा ठोकताळा आहे, एका सिव्हर्टमागे, म्हणजे हजार मिलिसिव्हर्टमागे, आयुष्यभरात घातक कर्करोगाची शक्यता साधारण ५ टक्के. वहिनी तिथे अजून तीन चार महिने राहिली आणि तिला जादा १ मिलिसिव्हर्ट मिळाला असं धरू, जे फ्लॅटमध्ये राहून मिळणं कठीणच आहे. तर ती शक्यता येते वीस हजारांत एक. सगळ्यात वाईट गृहीत धरून. आपल्याकडे जनतेला अणुप्रकल्पासारख्या गोष्टींतून वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये असा नियम आहे, तो नियम निसर्गाच्या किरणांना लागू होत नाही, पण तुलनेला बरा पडतो.

कोल्लमकर, १५ जून, रात्री ११:२०

मी मूळचा मिरजेचा, चौदा वर्षं कोल्लममध्ये आहे, मुलगी इथेच झाली. धागा वाचून राहवलं नाही.

इथे लोक किरणांबद्दल फारसं बोलतच नाहीत. बोलतात ते समुद्राबद्दल. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा याच पट्टीवरच्या अळप्पाड पंचायतीत शंभराहून जास्त माणसं गेली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बॅकवॉटर, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी, पळायला जागाच नव्हती. म्हणजे देशाच्या नकाशावर ज्या गावाला किरणांसाठी लाल रंगवतात त्या गावाला मारलं लाटेने. आणि वाळू उपशाविरुद्ध इथे मोठं आंदोलन झालं २०१८-१९ मधे, तेव्हाही लोकांचं म्हणणं हेच की उपशाने किनारा खचतोय, समुद्र घरात येतोय.

सावित्रीकाठ, दादाचं घर करुनागप्पळ्ळी टाउनमध्ये असेल तर ते किनाऱ्यापासून चांगलं आत येतं. एका कॉलेजच्या फिजिक्स विभागात माझी ओळख आहे, त्यांच्याकडे किरणं मोजायचा सर्व्हे मीटर असतो. विपु करा (माझ्या विचारपूस पानावर लिहा), रविवारी घरात जाऊन मोजून देतो.

खडककोरा, १६ जून, सकाळी ९:०५

भूशास्त्राचा माणूस आहे. किरणांबद्दल काकांनी सांगितलं त्यात मी भर घालणार नाही. पण ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्याने काल रात्रभर डोक्यात घर केलं. "डोंगराच्या पायथ्याशी, झऱ्याचं पाणी." पोलादपूर तालुका. आणि तुम्ही बाळंतिणीला आणताय ऑगस्टमध्ये.

२२ जुलै २०२१ आठवतोय ना? त्या एका दिवसात महाडच्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली, आणि तुमच्याच तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्याला दरडी आल्या. पलीकडे डोक्यावर महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता.

मला कृपया एवढं सांगा. घराच्या मागे उतार किती आहे, घर आणि उताराच्या पायथ्यात अंतर किती, वर कुठे सपाटीकरण किंवा रस्त्यासाठी कटिंग झालंय का, आणि झऱ्याचं पाणी पावसाळ्यात गढूळ होतं का?

सावित्रीकाठ, १६ जून, दुपारी १२:३०

खडककोरा, तुमचा प्रतिसाद वाचून हात गार पडले. बाबांना फोन करून विचारलं. मागचा चढ इतका उभा आहे की गुरं तिथून उतरत नाहीत. घराच्या मागच्या पडवीपासून उतार सुरू व्हायला वीसेक पावलं. वर तीन वर्षांपूर्वी जेसीबीने रस्ता काढलाय वरच्या वाडीला. आणि झरा, बाबा म्हणाले, दोन वर्षांपासून जुन्या जागी कमी येतो आणि थोडा खाली नवीन फुटलाय, पाऊस लागला की लाल होतो.

पण आमची वाडी दरडीच्या यादीत नाही! मी तालुक्याच्या कार्यालयात मागे चौकशी केली होती, त्यांनी दोन गावांची नावं सांगितली, आमचं नव्हतं. म्हणून आम्ही निश्चिंत होतो.

खडककोरा, १६ जून, दुपारी २:४०

यादीबद्दल बोलू. आपल्याच रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी पण यादीत नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. विधानसभेतच सांगण्यात आलं की वाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं.

हे असं का होतं ते समजून घ्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभरातला दरडींचा नकाशा करायला घेतला, देशाचा जवळपास साडेबारा टक्के भाग दरडींच्या धोक्यात येतो, केवढं मोठं काम आहे ते. तो नकाशा १ ला ५० हजार या प्रमाणात आहे, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. तुमची वाडी कितीची, शंभर सव्वाशे मीटरची? कागदावर अडीच मिलिमीटर. नकाशा तुम्हाला सांगतो की हा पट्टा धोक्याचा आहे, घरामागचा विशिष्ट उतार कधी सुटेल ते सांगत नाही. इस्रोच्या २०२३ च्या भूस्खलन ॲटलासमध्ये १४७ जिल्ह्यांची क्रमवारी आहे, रुद्रप्रयाग पहिला, टिहरी दुसरा. ते देशासाठी पैसा कुठे लावायचा हे ठरवायला उत्तम, पण तुमच्या आईने सून कुठे ठेवायची ते त्यावरून ठरत नाही.

तुम्ही सांगितलेल्या चारही खुणा वाईट आहेत. झरा जागा बदलतो, पाणी लाल येतं, म्हणजे आत माती हलतेय. यापुढे रोज बघायचं ते: उतारावर नवीन भेग, झाडं किंवा विजेचे खांब कललेले, दारं अचानक घट्ट बसायला लागणं, जोत्याला तडा. यातलं काही दिसलं किंवा डोंगरातून घरघर ऐकू आली तर विचार करत बसायचं नाही, निघायचं, आणि उताराच्या सरळ खाली न पळता बाजूला पळायचं.

माळवद, १६ जून, रात्री ९:३०

मी किल्लारीजवळचा. १९९३ ला दहा वर्षांचा होतो. नकाशावर विश्वास ठेवून निश्चिंत राहायचं म्हणजे काय ते आमच्याकडून ऐका.

त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग झोन १ मधे होता, सगळ्यात सुरक्षित. आदल्या वर्षी ऑगस्टपासून हादरे बसत होते, भांडी वाजायची, लोक घाबरून अंगणात झोपायला लागले, मग कमी झालं तसे परत आत गेले. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आलं, आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, सगळे थकून गाढ झोपलेले. ६.२ चा भूकंप. जपानमध्ये एवढ्या भूकंपाने इतकी माणसं जात नाहीत. आमच्याकडे दहा हजारांच्या आसपास गेली.

कारण घरं. दोन अडीच फूट जाडीच्या दगडाच्या भिंती, मातीत बांधलेल्या, आतला थर वेगळा बाहेरचा वेगळा, दोघांना जोडणारे लांब दगड नाहीत. वर माळवद, मातीचे थर वर्षानुवर्षं चढत गेलेले, टनावारी वजन. हादऱ्याने भिंतीचे दोन थर सुटे झाले आणि माळवद खाली आलं. ज्यांच्या घरात लाकडी खण चांगले होते त्यांच्याकडे कित्येकदा भिंती पडून लाकडाचा सांगाडा उभा राहिला, आमच्या चुलत्याचं घर तसंच. नंतर २००२ च्या नकाशात आम्हाला झोन ३ मधे टाकलं आणि झोन १ काढूनच टाकला. माणसं गेल्यावर रंग बदलला.

ताई, तुमच्या गावच्या घराच्या भिंती कशाच्या आहेत ते पण बघा. बीएमटीपीसी नावाच्या सरकारी संस्थेचा वल्नरेबिलिटी ॲटलास आहे, १९९७, २००६ आणि २०१९ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्यात प्रत्येक जिल्ह्यासाठी भिंत कशाची, छप्पर कशाचं, अशी किती घरं आणि भूकंप, वारा, पूर यात त्यांचं काय होईल ते कोष्टकात दिलंय. मला सगळ्या नकाशांत हा जास्त पटतो कारण तो घरांकडे बघतो.

तोक्योवासी, १७ जून, सकाळी ६:२०

माळवद, वाचताना डोळे भरून आले.

मी जपानमध्ये आहे, २०११ मध्ये पण इथेच होते. ११ मार्चच्या भूकंपात आणि त्सुनामीत साडेअठरा हजारांच्या आसपास माणसं गेली किंवा बेपत्ता झाली, बहुतेक सगळी पाण्याने. नंतर फुकुशिमाच्या अणुकेंद्रात अपघात होऊन किरणांची भीती पसरली आणि घाईघाईत लोक हलवले. अणुकेंद्राजवळच्या इस्पितळातल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना तासन् तास बसमधून फिरवलं, कित्येक जण वाटेतच किंवा पोचल्यावर गेले. स्थलांतराचे हाल, तुटलेले उपचार, एकटेपणा, अशा कारणांनी एकट्या फुकुशिमा प्रांतात २ हजारांहून जास्त मृत्यू नोंदले गेले. आणि किरणांमुळे सामान्य जनतेच्या आरोग्यावर दिसून येईल असा परिणाम संयुक्त राष्ट्रांच्या समितीला सापडला नाही. तेव्हा हलवायला नको होतं असं मी म्हणत नाही, त्या दिवसांत कुणालाच काही माहीत नव्हतं. पण गरोदर बाईला आठव्या महिन्यात हलवायचं ते कशापासून आणि कुठे, हे बघाच.

वीजवारा, १७ जून, सकाळी १०:००

थोडं अवांतर, पण देशभरचे धोके हा विषय निघालाच आहे म्हणून. मी बीड जिल्ह्यात शाळेवर आहे. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकड्यांत २०२२ साली नैसर्गिक आपत्तींनी ८,०६० मृत्यू, त्यातले २,८८७ वीज पडून! एक तृतीयांशाहून जास्त. एकेक दोन दोन माणसं मरतात, शेतात, झाडाखाली, म्हणून बातमी होत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमध्ये टाका, आसपास वीज पडणार असेल तर आधी कळतं. ताईंच्या बाबांना पण टाकून द्या, भातलावणी सुरू होईल आता.

पाचोळा, १७ जून, दुपारी ४:४५

काका, तुमचा हिशोब दोनदा वाचला, पटला. फक्त एक, पंजाबात पाण्यात युरेनियम म्हणतात ते काय? आणि मायापुरी?

गायगर_काका, १७ जून, रात्री ९:१०

पंजाबच्या माळव्यात बोअरच्या पाण्यात युरेनियम जास्त आहे हे खरं, पण तिथे काळजी मुख्यतः मूत्रपिंडाची, जड धातू म्हणून, किरणांची त्यामानाने कमी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात आता लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, पाणी तपासून घेता येतं.

मायापुरी म्हणजे २०१० साली दिल्लीत एका विद्यापीठातलं वापरात नसलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र भंगारात विकलं गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, एक माणूस दगावला, बाकीचे भाजले. माझ्या मते आपल्या देशात किरणांचा खरा धोका असा असतो, कुणाच्या तरी निष्काळजीपणाने हातात आलेला स्रोत. भंगारात जड शिशाची पेटी, तीन पाकळ्यांचं पिवळं चिन्ह दिसलं तर हात लावायचा नाही, लांब जाऊन पोलिसांना कळवायचं.

कोल्लमकर, २१ जून, संध्याकाळी ६:३०

मोजून आलो. ताईंची परवानगी घेऊन लिहितोय. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, किनाऱ्यापासून चार किलोमीटरच्या आसपास आत. आतलं रीडिंग देशाच्या सरासरीच्या जवळपासच आलं, खाली पार्किंगच्या मातीत किंचित जास्त. मग मुद्दाम समुद्रावर जाऊन काळ्या वाळूवर मीटर ठेवला तर काटा भरभर वर गेला, दादा बघतच राहिला. वहिनीने चहा आणि उपमा दिला, मजेत आहे एकदम. म्हणाली आत्याबाईंना सांगा इकडेच या.

डॉ_रेडिओ, २१ जून, रात्री ८:००

छान केलंत! तळमजल्यावरच्या कुणाला विचारायचं असेल तर रेडॉनसाठी दिवसातून दोनदा खिडक्या उघडा एवढंच सांगा. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती आधी बंद करा, फुफ्फुसाच्या कर्करोगात ती पहिली, रेडॉन तिच्या बराच मागे.

सावित्रीकाठ, २८ जून, रात्री १०:१५

सगळ्यांना आधी दंडवत.

घरी काय झालं ते सांगते. आईला सगळा धागा फोनवर वाचून दाखवला, दीड तास लागला. किरणांचं ऐकताना ती मधे मधे "हो पण" म्हणत होती. खडककोरांचा प्रतिसाद वाचला तेव्हा गप्प झाली. मग म्हणाली, झरा लाल येतो ते मला पण माहीत होतं गं, मला वाटलं गुरं उतरत असतील वर. पुढे बराच वेळ काही बोलली नाही.

ठरलं असं की वहिनी हलणार नाही. आईच जाणार, पनवेलहून नेत्रावतीचं तिकीट काढलंय, ८ जुलैचं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळाची जुनी दुपटी, सगळं बांधून तयार आहे.

आता प्रश्न बाबा आणि आजीचा आहे. मी म्हटलं पुण्याला चला, बाबा लावणी सोडून यायला तयार नाहीत आणि आजी तर अजिबातच नाही. वाडीतल्या आणखी अकरा घरांचं काय हा पण प्रश्न आहेच. आम्ही सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज दिलाय, भूवैज्ञानिकांकडून पाहणी करा म्हणून, अजून कुणी आलेलं नाही.

खडककोरा, २९ जून, सकाळी ८:२०

अर्जाची पोच जपून ठेवा आणि एक प्रत जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला पाठवा, भेगांचे आणि झऱ्याचे फोटो तारखेसकट लावून.

तोपर्यंत वाडीने स्वतः करण्यासारखं आहे. पाऊस मोजा. सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा घ्या, तळापासून तोंडापर्यंत रुंदी सारखी असलेला, उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा पागोळीखाली नको. रोज सकाळ संध्याकाळ पट्टी घालून सेंटिमीटर मोजायचे, वहीत लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. डोंगर आधीच भिजलेला असेल, म्हणजे तीन चार दिवस सलग लागलेला असेल, आणि त्यावर दिवसभरात दहा सेंटिमीटर झाले, तर त्या रात्री घरात झोपायचं नाही. हा आकडा मी तुमच्या झऱ्याची आणि कटिंगची हकीकत ऐकून मुद्दाम कमी ठेवलाय, चार रात्री फुकट शाळेत झोपावं लागलं तरी चालेल. इर्शाळवाडी रात्री गेली, तळिये संध्याकाळी. रात्रीच्या आधी निघणं महत्त्वाचं.

शाळा कुठे आहे? ती त्याच उताराखाली असेल तर उपयोग नाही, ओढ्याच्या तोंडाशी पण नको.

सावित्रीकाठ, २९ जून, दुपारी १:००

शाळा नदीच्या अलीकडे सपाटीवर आहे, डोंगरापासून लांब, नदीपेक्षा बरीच उंच, २०२१ ला पण पाणी तिथे आलं नव्हतं. बाबा सरांशी बोलले, एक किल्ली आमच्याकडे राहील. आजीला नेण्यासाठी शेजारच्या दोन पोरांनी डोली करून ठेवलीय.

माळवद, २९ जून, रात्री ९:००

शाळेत आधीच अंथरुणं, बॅटऱ्या, पाणी, आजींची औषधं नेऊन ठेवा. ऐन वेळी लोक या चार वस्तूंसाठी परत आत जातात. आमच्याकडे गेलेली.

सावित्रीकाठ, २३ जुलै, सकाळी ७:०५

आई पोचून दोन आठवडे झाले. वहिनीची परवाची सोनोग्राफी चांगली आली, बाळाचं डोकं खाली आहे. आईने समुद्र बघितला, काळी वाळू हातात घेऊन बघितली आणि घरी येऊन हात तीनदा धुतले.

बाबा रोज रात्री नऊला फोन करून डब्याचा आकडा सांगतात, मी वहीत लिहिते. परवा ६. काल संध्याकाळी १३ आणि पाच दिवस झाले थांबलेला नाही. बारा घरांपैकी नऊ घरं काल शाळेत झोपली, आजीला डोलीतून नेलं. उरलेली तीन घरं आली नाहीत, बाबा आज सकाळी परत त्यांच्याकडे चाललेत.